मरून सुटायची सोय नको

गेल्या रविवारी वरणभाताचा पहिला घास घ्यायच्या आत भाच्याने निकाल लावून टाकला. "मामा, रेडक्लोक मरणार. झायकॉनच्या हातून मरणार आणि मरता मरता सगळ्यांना वाचवणार. लिहून ठेव."

ताई तूप वाढत होती. तिचा हात थांबला. "कोण मरणार रे?"

"कुणी नाही गं आई. गॉब्लिन आहे एक."

ताईचा जीव भांड्यात पडला, तुपाचं भांडं पुढे सरकलं. मी मात्र त्या वाक्यापाशीच अडकलो. कुणी नाही, गॉब्लिन आहे एक. पोरगं शाळेत असल्यापासून जी कथा वाचतंय, त्या कथेचं सगळं भांडण नेमकं याच वाक्याशी आहे.

कथेचं नाव 'द ऑर्डर ऑफ द स्टिक'. अमेरिकेतले चित्रकार-लेखक रिच बर्ल्यू ती 2003 च्या सप्टेंबरपासून इंटरनेटवर काढताहेत, कुणीही फुकट वाचावी अशी. गोल डोकं, रेघांचे हातपाय, ठिपक्यांचे डोळे. शाळकरी मुलं वहीच्या मागच्या पानावर काढतात तशी माणसं. सुरुवातीला सगळा मामला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या खेळाच्या नियमांवरच्या विनोदांचा होता. सहा जणांची टोळी, भुयारात उतरायचं, राक्षस मारायचे, गुण कमवायचे, वरच्या पायरीवर जायचं. बघता बघता तेराशेहून जास्त भाग झाले, विनोदांच्या पोटात एक मोठी कथा वाढली आणि आता शेवटचा, सातवा खंड चालू आहे. 2012 मध्ये जुनी पुस्तकं पुन्हा छापण्यासाठी बर्ल्यूंनी वाचकांकडे 57,750 डॉलर मागितले होते. 14,952 वाचकांनी मिळून 12,54,120 डॉलर हातात ठेवले. एवढा जीव लावलेली कथा संपायला आली की वाचक काय करणार? कोण राहणार, कोण जाणार याचे अंदाज बांधणार.

त्यात मला काहीच गैर वाटत नाही. हप्त्याहप्त्याने येणारी गोष्ट अशीच वाचायची असते. दोन भागांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत वाचक पुढचा भाग स्वतःच्या मनात लिहितो. लेखकाने हाताला दुखापत झाली म्हणून काही महिने चित्रं थांबवली, तेव्हाही हे मनातलं लिहिणं थांबलं नव्हतं. माझी तक्रार वेगळी आहे. मनात लिहिलेल्या त्या भागात आपण किती आळशी असतो, ही माझी तक्रार आहे.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांनी हवं तर इथे थांबावं, पुढे बरीच गुपितं फुटणार आहेत.

खलनायक दोन. पहिला झायकॉन, हाडांचा सापळा झालेला मांत्रिक. पोपटात जीव असलेला राक्षस आपल्याला आजीच्या मांडीवरच भेटलेला असतो. झायकॉनचा जीव तसाच एका ताइतात आहे. त्याच्या हाडांचा भुगा केला तरी ताईत शाबूत असेपर्यंत तो परत उभा राहतो. त्याच्याबद्दल अंदाज बांधण्यात मला रस नाही. तो दुष्ट आहे, त्याला दुष्टपणा आवडतो, आणि त्यामागे कसलंही रडगाणं नाही. तो संपेल आणि संपायलाच हवा.

दुसरा रेडक्लोक. गॉब्लिनांच्या देवाचा पुजारी, खेळाच्या भाषेत क्लेरिक. हिरवं डोकं, लाल झगा, आणि पुढे एक डोळा गेलेला. दिसायला झायकॉनचा नोकर. प्रत्यक्षात झायकॉनला हाडांचा सापळा करून अमर करणारा हाच, आणि झायकॉनला खोटा ताईत सोपवून खरा स्वतःजवळ लपवून ठेवणाराही हाच. धनी कोण आणि हत्यार कोण, हे झायकॉनला वाटतं तितकं सोपं नाही.

रेडक्लोकला काय हवंय हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याच्या शेवटाबद्दल बोलूच नये. या कथेतलं जग देवांनी एका भयंकर गोष्टीभोवती बांधलेलं आहे. तिचं नाव स्नार्ल. देवांच्या आपसातल्या भांडणांतून तयार झालेला हा गुंता देवांनाही मारू शकतो, त्याने एक अख्खं देवकुळ संपवलेलं आहे. जगाला चिरा पडल्या, तेव्हा त्या पाच दरवाजांनी बुजवल्या गेल्या. त्यातले चार फुटले, एक उरलाय. झायकॉनला वाटतं, दरवाजा ताब्यात आला की जग आपलं. रेडक्लोकचा बेत निराळा आहे. दरवाजापाशी करायचा एक विधी पुरा झाला की स्नार्लचा लगाम गॉब्लिनांच्या देवाच्या, डार्क वनच्या, हाती जाईल आणि तो बाकीच्या देवांना धमकावेल: माझ्या लोकांना त्यांचा वाटा द्या.

वाटा कशाचा? जमिनीचा, पाण्याचा, जगण्याचा. रेडक्लोकची श्रद्धा अशी की गॉब्लिन देवांनी निर्माण केले ते दुसऱ्यांनी मारून गुण कमवावेत म्हणून. खेळ खेळणाऱ्या लाखो मुलांनी टेबलाभोवती बसून हेच केलेलं आहे. फासा टाकला, गॉब्लिन मेला, गुण लिहिले, पुढच्या खोलीत. कुणी नाही, गॉब्लिन आहे एक. बर्ल्यूंनी त्या मेलेल्या गॉब्लिनाला उठवून उभं केलं आणि विचारायला लावलं, माझं काय?

हा प्रश्न कानाआड करून वाचकांचा एक मोठा जथा 'मारा' म्हणत बसलाय. त्यांचा हिशेब सरळ आहे: याने शहर जिंकलं, माणसांना गुलाम केलं, कैद्यांचे हाल केले, तेव्हा मरण. गुन्हे खरे आहेत, एकही नाकारत नाही. पण हाच न्याय सगळ्यांना लावणार का? टोळीतल्या वार्सूव्हियस यांचं काय? (हे पात्र पुरुष की स्त्री हे बर्ल्यूंनी कधीच सांगितलेलं नाही. मराठीत क्रियापद लिहिताना घाम फुटतो, म्हणून मी आदरार्थी लिहितो.) वार्सूव्हियस यांनी आपल्या मुलांवर हल्ला झाल्याच्या संतापात एकच मंत्र टाकला आणि एका काळ्या ड्रॅगनिणीचं सगळं गोत जागच्या जागी मारलं. पिल्लांसकट. ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता ते सगळे. पुढे कळलं, ड्रॅगनांचं रक्त असलेलं एक माणसांचं कुटुंबही त्यातच गेलं. वार्सूव्हियस यांना पश्चात्ताप होतो, आणि वाचक सुस्कारा टाकून त्यांना टोळीत राहू देतात. का? कारण ते पहिल्या पानापासून आपले आहेत. रेडक्लोक पहिल्या पानापासून परका आहे. शिक्षेचं माप बदललं ते इथे, आणि बदलणारे आपण आहोत.

दरवाजांचंच घ्या. चार फुटले त्यातला एक एलानने कळ दाबून उडवला, एक रॉयने तलवारीने फोडला. दोघेही नायक. तिसरा फोडला मिकोने, आणि ती देवाची शपथ घेतलेली पॅलाडिन. जगाचा सत्यानाश खलनायकांनी चालवलाय म्हणणाऱ्यांनी जरा बोटं मोजावीत.

दुसरा जथा भाच्याचा. हे मायाळू आहेत आणि माझा खरा राग यांच्यावर आहे. त्यांना रेडक्लोक सुधारायला हवाय, पण शेवटच्या पाच चौकटींत. एक उडी, एक बलिदान, डोळ्यांत पाणी, पडदा. आयुष्यभराचं देणं एका झटक्यात फिटलं. आपल्याकडे याला दोन शब्द आहेत: मरून सुटला. कर्ज बुडवून गाव सोडणाऱ्याला आपण धर्मात्मा म्हणत नाही, मग जग सोडून पळणाऱ्याला का म्हणायचं?

तिसरे आहेत ते आकडेवाले. कोण कितव्या पायरीवर, कुणाकडे कोणते मंत्र उरलेत, कुणाचा फासा कुणाला भारी पडेल. त्यांची मेहनत मला आवडते. पण रेडक्लोकचा निकाल फाशांवर ठरणार नाही, तो वीस वर्षांपूर्वीच्या कथेत ठरलेला आहे. नेमकं सांगायचं तर 2007 साली आलेल्या 'स्टार्ट ऑफ डार्कनेस' या पुस्तकात. हे पुस्तक इंटरनेटवर फुकट नाही, विकत घ्यावं लागतं, त्यामुळे ते न वाचता निकाल देणारे पुष्कळ भेटतात.

त्या पुस्तकात काय आहे? एक पोरसवदा गॉब्लिन नुकताच पुजारी झालाय. त्याच दिवशी पॅलाडिन येतात आणि गाव कापून काढतात. मुलंबाळंसुद्धा. गावाच्या मोठ्या पुजाऱ्याचा झगा रक्तात पडलेला असतो. पोरगा तो उचलून अंगावर घालतो, आणि देवाचा सगळा बेत त्याच्या डोक्यात उतरतो. त्या क्षणापासून तो रेडक्लोक. बरोबर वाचलेला धाकटा भाऊ, त्याचा एक डोळा गेलेला, म्हणून तो राइट-आय.

झग्याचा एक गुण आहे. तो घालणाऱ्याचं वय वाढत नाही. धाकटा भाऊ मोठा होतो, लग्न करतो, वस्ती उभी करतो, मुलं होतात, चेहऱ्यावर सुरकुत्या येतात. थोरला तसाच, कोवळा, गाव जळालं त्या दिवसात थिजलेला. राइट-आयला एक गोष्ट उमगलेली असते. शेजारी माणसं असली तरी नांदता येतं. देवाच्या मोठ्या बेताची वाट बघत मरण्यापेक्षा आज चूल पेटलेली बरी. मग झायकॉन त्यांच्या दारात येतो आणि सगळ्यांना कामाला जुंपतो. राइट-आयची माणसं त्या राबण्यात मरतात. शेवटी तो झायकॉनला मारायला सुरा उचलतो. थोरल्या भावाला सांगतो, साथ दे.

आणि रेडक्लोक झायकॉनला वाचवायला सख्ख्या भावाला मारतो.

हे पुस्तक काळंपांढरं छापलेलं आहे. ज्याचं नावच लाल झग्यावरून पडलं, त्याच्या सर्वांत मोठ्या पापाच्या पानावर तो झगा लाल नाही. त्या पानावर दोन रेघांची माणसं आहेत, दोन्ही एकाच आईची, आणि मला दर वेळी ते पान उलटायला वेळ लागतो. रंग नसल्यामुळे तिथे बघायला भावांशिवाय काही उरतच नाही.

भावाला मारलं, कारण बेत मोडला असता. म्हणजे आता बेत खरा ठरायलाच हवा. तो खरा ठरला नाही तर भाऊ फुकट गेला. झायकॉन हे ओळखतो. या गॉब्लिनाला आता मागे फिरता येणार नाही हे त्याला कळतं, आणि पुढची सगळी वर्षं तो त्याला त्याच एका खिळ्यावर टांगून ठेवतो. विहीर खणणाऱ्याला पाणी लागत नाही, पण इतके हात खणून झालेत की थांबणं म्हणजे वेडेपणा कबूल करणं. म्हणून तो अजून खणतो. रेडक्लोकच्या विहिरीत तळाशी राइट-आय आहे.

हा माणूस (मी मुद्दाम माणूस म्हणतोय) शिकतच नाही असं नाही. अझुर सिटीच्या लढाईत तो हॉबगॉब्लिन शिपायांना, म्हणजे गॉब्लिनांच्याच भाऊबंदांना, चुलीतल्या लाकडांसारखं वापरत होता. मग त्यांच्यातलाच एक शिपाई त्याला वाचवताना मेला, आणि रेडक्लोकच्या लक्षात आलं की पॅलाडिनांनी आपल्याशी जे केलं तेच आपण यांच्याशी करतोय. त्यानंतर तो बदलला. जिंकलेल्या शहरात त्याने गॉब्लिनांचं राज्य उभं केलं. त्याच राज्यात माणसं गुलाम होती, हेही तितकंच खरं. एक डोळा उघडला, दुसरा मिटलेला राहिला. बर्ल्यूंनी त्याचा एक डोळा खरोखरच काढून घेतला आहे. तो फोडला ओ-चुलने, ज्या पॅलाडिनाचे त्याने कोठडीत हाल केले त्यानेच.

आता खरी गोम. कथेत पुढे कळतं की स्नार्लला कायमचं बंद करायचं तर चार देवकुळांच्या शक्तीचे चार रंगांचे धागे एकत्र यायला हवेत. तीन आहेत. चौथं देवकुळ स्नार्लने गिळलं. उरलेला एकच नवा रंग आहे, जांभळा, आणि तो आहे डार्क वनचा, गॉब्लिनांच्या देवाचा. त्याच्या वतीने तो धागा आणू शकेल इतक्या ताकदीचा पुजारी एकच, रेडक्लोक. ज्यांना जगाने गुणांसाठी मारलं, त्यांच्याशिवाय जग वाचत नाही. 'मारा' म्हणणाऱ्यांनी आणि 'बलिदान' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. रेडक्लोक घाईने मेला तर चौथा धागा त्याच्याबरोबर जातो.

म्हणूनच डर्कन त्याच्याकडे बोलायला गेला. डर्कन हा टोळीतला ड्वार्फ, थॉरचा पुजारी. तो तलवार घेऊन गेला नाही, प्रस्ताव घेऊन गेला. तुमच्यावर अन्याय झालाय हे मान्य, बसून बोलू. माझ्या मते सबंध कथेतला सर्वांत धीराचा प्रसंग हाच. आणि रेडक्लोकने तो मोडला, बोलणं सोडून हल्ला केला. अनेक वाचकांनी तिथेच त्याच्या नावावर फुली मारली: दिली होती संधी, घेतली नाही, आता मर. मला त्या पानावर दुष्टपणा दिसला नाही. मला भीती दिसली. नुसतं बोलून वाटा मिळत असेल, तर तो आधीही मिळाला असता. मग राइट-आय म्हणत होता ते बरोबर होतं. हे कबूल करण्यापेक्षा जग बुडालेलं त्याला परवडतं. गुन्हा म्हणाल तर हा आहे, आणि तो शहर जिंकण्याहून मोठा आहे.

बर्ल्यू या असल्या लोकांचं काय करतात याचे दाखले कथेतच आहेत. मिकोने आपल्या धन्याला मारलं, तिची देवाने दिलेली शक्ती गेली, तरी आपण चुकलो हे तिने कधी मान्य केलं नाही. शेवटी देवाचं काम समजून तिने दरवाजा फोडला आणि त्यातच मेली. बलिदानवाल्यांनी हे पान परत वाचावं. ती मरण पत्करते, पण माफी मिळत नाही. मिळतं एवढंच आश्वासन की तिचा घोडा तिला अधूनमधून भेटायला येईल. एलानचा खलनायक बाप टारक्विन, त्याचं उलट. त्याला स्वतःचा शेवट भव्य हवा होता, मुलाच्या हातून, गाण्यात यावा असा. मुलाने त्याला मारलंच नाही. विमानासारख्या उडत्या जहाजावरून तो खाली पडला, ओरडत, जिवंत, शेवट न मिळालेला. मेलं की फिटलं, असं या लेखकाने कधीच लिहिलेलं नाही. मग आपण त्याच्या तोंडी ते का घालतो?

मराठी वाचकाला तर हे कळायला जड जाऊ नये. बलिप्रतिपदेला आपण ओवाळतो आणि म्हणतो, इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो. पुराणाच्या पोथीत बळी देवांचा शत्रू आहे, वामनाने तीन पावलांत पाताळात घातलेला असुर. तरी शेतकऱ्याच्या घरात राज्य मागतात ते त्याचं. जोतीराव फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त ही कथा उघड उघड उलटी वाचली: बळी इथला न्यायी राजा, वामन बाहेरून आलेला घुसखोर. हरलेल्याच्या बाजूने कथा वाचायची सवय आपल्याला दीडशे वर्षांपूर्वीच लावून दिलेली आहे. गॉब्लिनांचा वाटा मागणारा डार्क वन आपल्याला परका वाटायचं कारण नाही.

पण रेडक्लोक म्हणजे बळी नव्हे. त्याच्या हाताला रक्त आहे. त्याच्यासाठी आपल्याकडे दुसरा आहे, अश्वत्थामा. बापाला कपटाने मारलं, हे त्याचं दुःख खरं. त्यापायी रात्री झोपलेली द्रौपदीची पाच पोरं कापली, हे पापही खरं. त्याला शिक्षा काय झाली? मरण नाही. जगणं. कपाळावरची भळभळती जखम घेऊन, तेल मागत. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंब्याचा डोंगर त्याचाच मानतात आणि दिवाळीच्या दिवसांत लोक रात्रीचे तो चढून जातात. ज्याने पोरं मारली त्याला लोकांनी विसरूही दिलं नाही आणि सोडूनही दिलं नाही. दुःख खरं, पाप खरं, आणि दोन्ही एकाच अंगावर वागवत जगायचं. रेडक्लोकला मला हेच माप हवंय.

तेव्हा माझा अंदाज, किंवा खरं तर माझी मागणी. रेडक्लोकने जगावं. डर्कनच्या समोर त्याने परत बसावं, कुणी ढकलल्यामुळे नाही, स्वतः. चौथा धागा त्याने हाताने द्यावा. आणि देण्याआधी एक वाक्य मोठ्याने म्हणावं: माझा भाऊ बरोबर होता. हे वाक्य नसेल तर बाकीचं सगळं मला नको, दहा जगं वाचवली तरी नको. बर्ल्यूंनी त्याला मारायचंच ठरवलं असेल तर तो त्यांचा हक्क आहे, पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघाल्यावर मारावं. झगा उतरवून ठेवला तर फारच उत्तम. मग त्याचं वय वाढायला लागेल, सुरकुत्या येतील, राइट-आयला आल्या होत्या तशा.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर कुणी पैज लावत नाही. अझुर सिटी कुणाची? तिथले मूळ रहिवासी जहाजांतून पळाले, मागे राहिले ते गुलाम झाले. तिथे आता राहणाऱ्या गॉब्लिनांना पहिल्यांदा डोक्यावर छप्पर मिळालं. दोघांचा हक्क खरा आहे. एका खलनायकाचं मुंडकं उडवून हा प्रश्न सुटत नाही. उलट मुंडकं उडालं की सगळे घरी जातात आणि प्रश्न तिथेच पडून राहतो. अंदाज बांधायचेच तर यावर बांधा. गुलाम कोण सोडवणार, घरं कोण परत देणार, हॉबगॉब्लिनांची पोरं कुठे जाणार. इतक्या वर्षांच्या कथेला शोभेल असा अंदाज हा आहे.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी माझी 'स्टार्ट ऑफ डार्कनेस'ची प्रत भाच्याच्या हातात दिली. तो आतल्या खोलीत जाऊन बसला. ताईने दोनदा चहाला हाक मारली, तो आला नाही. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा कोण कुणाला मारणार हे काही बोलला नाही. त्याने एवढंच विचारलं, "मामा, त्याचं खरं नाव काय रे? झगा घालायच्या आधीचं?"

ते बर्ल्यूंनी अजून कुठेही छापलेलं नाही.